पावसाळ्यातली हर्बेरियम शीट: झाड खणण्यापासून संग्रहालयात जमा करेपर्यंत

हर्बेरियम शीट म्हणजे दाबून, वाळवून, लेबलासह जाड कागदावर चिकटवलेला वनस्पतीचा नमुना. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केलेल्या शीट डिसेंबरात उघडल्या की तीन गोष्टी हमखास दिसतात. पानं काळी पडलेली असतात, फुलांच्या जागी बुरशीचा भुगा असतो आणि लेबलवर ‘कास पठार, सप्टेंबर’ एवढंच लिहिलेलं असतं. दोष डिंकाचा किंवा कागदाचा, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात शीट बिघडते ती पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत: तोडताना, नोंद करताना आणि पहिल्यांदा कागद बदलताना. नंतर कितीही सुबक चिकटवली तरी तेव्हा गमावलेलं परत येत नाही. म्हणून या लेखात चिकटवण्यापेक्षा आधीच्या टप्प्यांवर जास्त भर आहे.

## टप्पा १: परवानगी आणि सामान

राखीव वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान यांतून एक पान तोडायचं असलं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. कॉलेजचं पत्र म्हणजे परवानगी नव्हे. ते परवानगीच्या अर्जाला जोडायचं असतं. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे. तिथे सरावासाठी झाडं उपटायला जाऊच नये. सरावाला शेताचे बांध, पडीक माळ आणि रस्त्याकडेचं तण पुरेसं आहे. तेरडा, केना, लव्हाळा आणि दोन-चार गवतं नीट वाळवता आली की बाकीचं जमतं.

पावसाळ्यात एका दिवसात दहापेक्षा जास्त नंबर, म्हणजे नंबर देऊन नोंदवलेले नमुने, घेऊ नका. प्रत्येक नंबराच्या तीन प्रती धरल्या तर तीस घड्या (नमुना आत ठेवलेले दुमडलेले रद्दीचे कागद) होतात, आणि रात्री तेवढेच कागद बदलायचे असतात. त्या हिशोबाने सामान असं:

- नमुने दाबायची, लाकडी पट्ट्यांची किंवा भोकं पाडलेल्या प्लायची प्रेस, ४५ × ३० सेमी, आणि बकल असलेले दोन पट्टे. सुतळी चालत नाही, ओली झाली की ती सैल पडते.
- रद्दीच्या ४० घड्या, कडा कापून ४२ × २८ सेमीच्या आत बसवलेल्या. चकचकीत पुरवण्या नकोत, त्या पाणी शोषत नाहीत.
- टीपकागद १२०. त्यांतले साठ प्रेसमध्ये आणि साठ कोरडे राखीव, जाड पॉलिथिनमध्ये बंद.
- नालीदार पुठ्ठे ३५. खोक्यांचे कापलेले चालतात, पण नाल्या पुठ्ठ्याच्या आखूड बाजूला समांतर धावल्या पाहिजेत. कारण सहाव्या टप्प्यात येईल.
- सिकेटर (फांद्या कापायची कात्री), खुरपं, दहापटीचं भिंग, बटर पेपर, मोठ्या पॉलिथिनच्या पिशव्या.
- ७० टक्के अल्कोहोल भरलेल्या छोट्या बाटल्या.
- सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि चहाच्या रिकाम्या पिशव्या किंवा गाळणकागदाची पाकिटं.
- शिवलेली नोंदवही, शिसपेन्सिल, दोरा लावलेल्या नंबराच्या चिठ्ठ्या.

तपासा: निघण्याच्या आदल्या रात्री रद्दी आणि टीपकागद कोरड्या, गरम जागी ठेवा. जुलैमध्ये कपाटातला टीपकागदही दमट असतो. तो तसाच वापरला तर वाळवणीची सुरुवातच ओल्या कागदाने होते.

जेल पेनची शाई पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये उतरते. शेतात आणि बाटलीतल्या चिठ्ठीवर फक्त शिसपेन्सिल.

## टप्पा २: काय तोडायचं, काय सोडायचं

पहिला नियम मोजणीचा. आसपास त्या जातीची जितकी झाडं दिसतील, त्यांत वीसमागे एक घ्या. वीस दिसली नाहीत तर फोटो काढा, नोंद करा आणि पुढे चला. कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जातींचा कंद खणून काढणं म्हणजे ते ठिकाण संपवणं. तिथे परवानगी असेल तर एखादं फूल बाटलीत आणि पानाचा तुकडा सिलिकात एवढंच घ्यावं.

दुसरा नियम: फूल किंवा फळ नसलेली फांदी ही शीट नव्हे. दोन्ही मिळाली तर उत्तम. छोटं रोप मुळासकट घ्यायचं. झाडाची किंवा झुडपाची ३० ते ४० सेमीची फांदी पुरते, पण तिच्यावर कोवळी आणि जून, दोन्ही पानं हवीत. सर्वांत देखणं फूल किंवा सर्वांत मोठं पान शोधू नका. त्या जागी ती जात सरासरी जशी दिसते, तसा नमुना हवा.

यापुढे प्रत्येक गटाचं वेगळं आहे, आणि सर्वाधिक शीट इथेच वाया जातात.

गवतं. मूळ, खालची पानं, पान आणि खोड यांच्या सांध्यावरची जिभिका आणि पक्व पण न गळणारी कणसं लागतात. वरून तोडलेलं गवत ओळखता येत नाही. लव्हाळ्याच्या कुळात फळ पिकलेलं हवं. फळाशिवाय जातीपर्यंत पोचणं जवळपास अशक्य.

गेंद. पठारावरच्या पांढऱ्या गेंदांच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात आणि ओळख बऱ्याचदा बियांच्या पृष्ठभागावर ठरते. त्यामुळे ताजी, कोवळी डोकी घेण्यापेक्षा जरा जून झालेली घ्या. आकाराने लहान असल्याने एका शीटवर सहा-आठ रोपं लावावी लागतात.

सीतेची आसवं. ही वनस्पती उपटली की देठ हाती येतो आणि कीटक पकडणाऱ्या पिशव्या चिखलात राहतात. मातीचा ढेकूळ तसाच उचला, ताटलीतल्या पाण्यात ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. मग पाण्याखाली कागद सरकवून रोप त्यावर तरंगतच उचला. पाणवनस्पतींनाही हीच पद्धत. या कागदावरून रोप पुन्हा काढायचं नाही, कागदासकट वाळवायचं.

तेरड्याचं कुळ. दाबलं की फुलाचा लगदा होतो. रोप वेगळं दाबा, चार-पाच फुलं बटर पेपरमध्ये पाकळ्या उलगडून वेगळी दाबा, आणि दोन फुलं अल्कोहोलच्या बाटलीत टाका. केन्याचं फूल दुपारपर्यंत मिटतं, म्हणून सकाळीच घ्यायचं आणि जागेवरच दाबायचं.

शेवळ आणि सुरण. शेवळाचा फुलोरा पावसाच्या तोंडावर येतो, पान नंतर. एकदाच गेलात तर शीट अर्धीच राहते. जागा खुणेने आणि जीपीएसने नोंदवून पानासाठी पुन्हा जावं लागतं. पळस, पांगारा, काटेसावर यांचंही तेच: निष्पर्ण झाडावर फूल, पानं नंतर. त्याच झाडाला चिठ्ठी बांधून ठेवा आणि पानं त्याच झाडाची घ्या. शेवळ-सुरण हाताळताना हातमोजे घाला. त्यांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी हाताला खाज सुटते.

कोकम, रानजायफळ. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. दोन्ही मिळाली तर दोन स्वतंत्र नंबर द्यायचे. एका नंबराखाली नर आणि मादी अशी दोन झाडं कधीच नको. भोपळ्याच्या कुळात एकाच वेलावर नर-मादी फुलं वेगळी असू शकतात, तिथे दोन्ही प्रकारची फुलं शोधा.

कारवी. फुलोरा चिकट असतो आणि कागदाला धरतो. बटर पेपरचं अस्तर लावा. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या या झुडपाची फुलोऱ्याची शीट हुकली तर पुढची संधी बरीच लांब असते.

नेचे. पानाच्या मागे बीजाणुपुंज (बीजाणूंचे ठिपके) असलेलं पूर्ण पान, जमिनीतलं खोड आणि त्यावरचे शल्क. फक्त पानाचा शेंडा आणणं ही नेच्यांमधली सर्वांत नेहमीची चूक.

चेतावणी: तोडलेला नमुना पाठपिशवीत कोंबू नका. पॉलिथिनमध्ये हवा फुगवून तोंड बांधा, सावलीत ठेवा आणि शक्य असेल तर दोन-तीन तासांत दाबा. ‘रूमवर गेल्यावर दाबू’ म्हणून ठेवलेली नाजूक फुलं रूमवर पोचत नाहीत.

## टप्पा ३: नोंद, आणि ती जागेवरच

वाळल्यावर जे नाहीसं होतं ते आधी लिहा: पाकळ्यांचा रंग, वास, चिकाचा रंग, झाडाची उंची, साल, फूल वर बघतं की खाली झुकतं, कोणत्या दगडावर किंवा मातीत उगवलं आहे, शेजारी काय आहे. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे शीटवर दिसतं; ते लिहिण्यात वेळ घालवू नका.

नंबराची पद्धत साधी ठेवा. आपला स्वतःचा क्रम १ पासून सुरू करा आणि तो आयुष्यभर पुढे न्या. दरवर्षी पुन्हा १ पासून सुरुवात करू नका, ‘अ-१२-ब’ असे नंबर देऊ नका आणि रद्द झालेला नंबर दुसऱ्या झाडाला देऊ नका. एका झाडाच्या सगळ्या प्रती, सिलिकातलं पान, बाटलीतलं फूल आणि फोटो यांना एकच नंबर. फोटो काढताना पहिला फोटो नंबराच्या चिठ्ठीचा घ्या, मग झाडाचे.

ठिकाण मोठ्याकडून छोट्याकडे लिहायचं. उदाहरणार्थ: ‘महाराष्ट्र, जि. सिंधुदुर्ग, ता. सावंतवाडी, आंबोली, गावापासून बेळगाव रस्त्याने सुमारे २ किमी, रस्त्याच्या डावीकडचा जांभ्याचा सडा, उघड्या खडकावरच्या उथळ डबक्याच्या कडेला.’ यातला शेवटचा भाग वाचून पन्नास वर्षांनी कोणीतरी त्याच डबक्यापाशी उभं राहू शकलं पाहिजे.

अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, चार दशांश स्थळांपर्यंत पुरतात. चौथं स्थळ साधारण ११ मीटरचं असतं. फोनवर सहा-सात स्थळं दिसतात म्हणून फोन तेवढा अचूक आहे असं होत नाही. उघड्यावर थोडं थांबा, अचूकतेचा आकडा स्थिर झाला की मगच नोंद करा, आणि अक्षांश-रेखांशासाठी कोणता संदर्भ (डेटम, म्हणजे मोजणीची आधारचौकट) वापरला तेही लिहा. फोन आणि जीपीएसमध्ये तो सहसा डब्ल्यूजीएस ८४ असतो. उंचीचा फोनचा आकडा नकाशावर पडताळून घ्या.

तारीख ‘७/८’ अशी लिहू नका. महिना अक्षरांत, वर्ष चार आकड्यांत.

तपासा: पुढच्या झाडाकडे जाण्याआधी वहीतला नंबर, चिठ्ठीवरचा नंबर आणि पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचून जुळवा. संध्याकाळी आठवणीने जुळवलेले नंबर चुकतातच.

## टप्पा ४: डीएनएसाठी पान, दाबण्याच्या आधी

पुढे कोणी या नमुन्यावर आनुवंशिकीचं काम करेल की नाही, हे आज ठरवता येत नाही. पान ठेवायला मात्र दोन मिनिटं लागतात, म्हणून ठेवाच. प्रेसमध्ये गेलेल्या, तापवलेल्या पानातला डीएनए तुटत जातो. त्यामुळे हा टप्पा दाबण्यानंतर करून उपयोग नाही.

१. कोवळं पण पूर्ण उघडलेलं, निरोगी पान निवडा. कीड, बुरशी किंवा शेवाळ असलेलं पान घेतलं तर त्यांचाही डीएनए सोबत येतो.
२. पाणी टिपून घ्या आणि मधली जाड शीर टाळून पान दोन-तीन सेमीच्या तुकड्यांत फाडा.
३. तुकडे चहाच्या पिशवीत, पिशवी सिलिकाच्या डबीत किंवा झिपच्या पाकिटात. पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका हवं: एक ग्रॅम पानाला दहा ग्रॅम. मांसल पानाला त्याहून बरंच जास्त.
४. दुसऱ्या दिवशी पान चुरचुरीत वाळलेलं असलं पाहिजे. सूचक दाण्यांचा रंग बदलला असेल तर सिलिका बदला.

बारीक दाण्याचं सिलिका वेगाने वाळवतं. निळ्या रंगाच्या सूचकात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घातक आहे. नारिंगी सूचकाचं घ्या. पान चोवीस तासांनंतरही लवचीक असेल तर तो नमुना हिरवा दिसला तरी डीएनएसाठी चांगला उरलेला नसतो.

## टप्पा ५: प्रेसमध्ये मांडणी

थर असे: फळी, नालीदार पुठ्ठा, टीपकागद, नमुन्याची घडी, टीपकागद, पुन्हा पुठ्ठा, आणि असंच वर. पुठ्ठे वाचवण्यासाठी तीन-चार घड्यांमागे एक पुठ्ठा घालण्याची सवय दिसते. पावसाळ्यात ती सोडा. वाफ बाहेर पडायला वाट हवी, आणि ती वाट म्हणजे पुठ्ठ्यातल्या नाल्या.

घडीत नमुना मांडताना:

- किमान एक पान पालथं असू द्या. मागची लव, ग्रंथी आणि शिरा तिथेच दिसतात. चिकटवल्यावर पान उलटता येत नाही.
- लांब रोप कापू नका. व्ही, एन किंवा डब्ल्यू अशा आकारात मोडून दुमडा.
- पानं दाट असतील तर काही काढा, पण देठाचा खुंट ठेवा, म्हणजे पानांची मांडणी कळते.
- एक-दोन फुलं उघडून पसरा, बाकीची जशी आहेत तशी.
- जाड कंद, फळ उभं चिरा. जाड खोडाच्या मागून अर्धा भाग तासा.
- जाड भागाभोवती घडी केलेल्या कागदाच्या गाद्या घाला. नाहीतर सगळा दाब खोडावर जातो आणि पानं सुरकुततात. वाकडी-तिकडी पानं दिसली की कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.
- खालच्या उजव्या कोपऱ्यात लेबलाची जागा लागणार आहे. मांडतानाच तो कोपरा रिकामा ठेवा.

नंबर घडीच्या बाहेरच्या कडेवर लिहा आणि चिठ्ठी नमुन्याला बांधलेलीच ठेवा. पट्टे आवळताना प्रेसवर गुडघा टेकवून पूर्ण वजन द्या.

मांसल वनस्पती प्रेसमध्ये मरत नाहीत. केना, रानकांदा आणि आमरी प्रेसमध्ये वाढत राहतात, पानं गाळतात, कधी नवीन कोंबही काढतात. फुलं बाहेर ठेवून बाकीचा भाग उकळत्या पाण्यात काही सेकंद ते मिनिटभर बुडवा, पाणी टिपा आणि मग दाबा. फुलं बुडवली तर त्यांचा आकार जातो.

## टप्पा ६: वाळवणं

शीट वाचते किंवा मरते ती इथे.

पहिली बदली, बारा तासांनी. कोरड्या ऋतूत चोवीस तास चालतात, पावसाळ्यात नाही. या वेळी नमुना मऊ पडलेला असतो. दुमडलेली पानं सरळ करण्याची, फूल उघडण्याची ही शेवटची संधी. रद्दीची घडी ओली असेल तर तीही बदला आणि नंबर नव्या घडीवर लगेच लिहा. नंबर हरवण्याची सर्वांत मोठी जागा हीच.

त्यानंतर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ टीपकागद बदला, पुढे दिवसातून एकदा. आता घडी उघडायची नाही, फक्त बाहेरचे टीपकागद काढायचे. अर्धवट वाळलेलं फूल हलवलं की तुटतं. काढलेले कागद त्याच दिवशी वाळवा. दमट खोलीत टांगलेले टीपकागद सकाळी पुन्हा ओलेच मिळतात, म्हणून त्यांनाही उष्णता द्या.

उष्णता. पहिल्या बदलीनंतर प्रेस तिच्या लांब कडेवर उभी ठेवा, म्हणजे पुठ्ठ्याच्या नाल्या उभ्या होतात. खालून गरम हवा गेली की ती नाल्यांमधून वर चढते आणि ओल घेऊन बाहेर पडते. प्रेस आडवी ठेवली तर उष्णता मिळते पण हवा फिरत नाही, आणि नमुना वाळण्याऐवजी शिजतो. तापमान ४० ते ५० अंश सेल्सिअस ठेवा, ६० च्या वर कधी नको. त्यापुढे पानं तपकिरी होतात, ठिसूळ होतात आणि सांध्यांपाशी गळतात.

घरगुती वाळवणपेटीसाठी लाकडी खोकं, तळाशी जुन्या पद्धतीचे तारेचे दिवे, खाली आणि वर हवेला भोकं एवढं पुरतं. एलईडी दिव्यांनी काम होत नाही, त्यांच्यातून पुरेशी उष्णता निघत नाही. आत थर्मामीटर ठेवा.

चेतावणी: कागद, लाकूड आणि उष्णता एकत्र आहेत. दिवा आणि प्रेस यांत किमान हातभर अंतर ठेवा, पट्ट्यांची टोकं खाली लोंबू देऊ नका, अल्कोहोलने भिजलेला नमुना पेटीत ठेवू नका आणि रात्री कोणी जागं नसताना पेटी चालू ठेवू नका.

पट्टे पुन्हा आवळणं विसरलं जातं. पाणी गेलं की थर आकसतो आणि प्रेस सैल होते. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक बदलीला आणि मध्ये एकदा तरी आवळा.

इस्त्री आणि मायक्रोवेव्ह हे लोकप्रिय जवळचे रस्ते आहेत. इस्त्रीने पान वरून भाजतं, आत ओलं राहतं. मायक्रोवेव्हने डीएनए आणि बियांचं नुकसान होतं, आणि बियांची तपासणी हवी असलेल्या गटांत हे परवडणारं नाही.

सलग पाऊस, वीज नाही, पेटी नाही, असं झालं तर घड्यांचा गठ्ठा जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून त्यात ६० ते ७० टक्के अल्कोहोल ओता, गठ्ठा भिजू द्या आणि तोंड बंद करा. काही आठवडे कुजणं थांबतं, परतल्यावर अल्कोहोल उडू देऊन मग नेहमीसारखं वाळवता येतं. रंग जातो आणि डीएनए बिघडतो. म्हणून सिलिकातलं पान आधी, आणि ‘अल्कोहोलमध्ये ठेवला’ ही नोंद वहीत आणि लेबलवर हवीच.

वाळलं का? नमुना गालाला लावा. थंड लागला तर आत ओल आहे. एका टोकाला धरून उचला: वाळलेला नमुना ताठ राहतो, ओला झुकतो. पानांवर जाऊ नका, फुलाचा तळ आणि खोडाचा सांधा तपासा. ते सर्वांत शेवटी वाळतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते. गवताला दोन-तीन दिवस, साध्या रोपाला चार ते सहा, मांसल वनस्पतीला पंधरवडा किंवा जास्तही लागतो. एकाच प्रेसमधले सगळे नमुने एकाच दिवशी काढायचे नसतात.

## टप्पा ७: कीड मारणं

पूर्वीची पद्धत म्हणजे अल्कोहोलमधलं मर्क्युरिक क्लोराइड. ते तीव्र विष आहे, त्वचेतून शोषलं जातं, आणि त्या शीटमधून पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षं निघत राहते. घरी किंवा कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत ते वापरू नका. जुन्या शीट हाताळल्यावर हात धुवा, त्या विषारी असू शकतात.

त्याऐवजी गोठवा. पूर्ण वाळलेले नमुने पॉलिथिनमध्ये हवाबंद करा आणि उणे २० अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये सात दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका. थंड नमुन्यावर दमट हवेतलं पाणी जमतं आणि सगळी वाळवण वाया जाते. घरगुती फ्रिजच्या बर्फकप्प्याचं तापमान सहसा तेवढं खाली जात नाही. डांबरगोळ्या किडीला दूर ठेवतात, आत असलेली अंडी मारत नाहीत.

## टप्पा ८: ओळख, चिकटवण्याआधी

नमुना सुटा असतानाच ओळखा. सुटलेलं एक फूल पाण्यात दोन-चार मिनिटं उकळलं की मऊ होतं आणि भिंगाखाली उघडता येतं. नाव नक्की नसेल तर प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द) थांबा. चुकीचं पूर्ण नाव हे अपूर्ण नावापेक्षा जास्त नुकसान करतं, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. फोनवरच्या ॲपने दिलेलं नाव हा अंदाज आहे. ते लेबलवर जाण्याआधी राज्याच्या फ्लोरातल्या (तिथल्या वनस्पतींची वर्णनं असलेल्या ग्रंथातल्या) वर्णनाशी आणि एखाद्या संग्रहालयातल्या ओळखलेल्या शीटशी जुळवा.

## टप्पा ९: चिकटवणं आणि लेबल

शीट ४२ × २८ सेमी, जाड आणि आम्लरहित. साधा ड्रॉइंग पेपर काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो. पांढरा डिंक पाण्यात पातळ करून काचेवर पसरा, नमुना त्यावर अलगद टेकवून उचला आणि शीटवर ठेवा. ब्रशने पानापानाला डिंक लावत बसू नका, पानं मोडतात. वर बटर पेपर आणि वजन ठेवून रात्रभर राहू द्या. जाड खोड आणि फळ सुई-दोऱ्याने शिवा, गाठ मागच्या बाजूला.

सेलोटेप कुठेही नको. ती पिवळी पडते, सुटते, आणि सुटताना साल घेऊन जाते. लॅमिनेशनही नको. प्रोजेक्टसाठी ते चकचकीत दिसतं, पण आत अडकलेली ओल नमुना काळा करते आणि त्या फुलाला पुन्हा कोणी हात लावू शकत नाही.

गळलेली फुलं, बिया आणि पानं कागदी पाकिटात घालून वरच्या कोपऱ्यात लावा. सगळ्या शीटवर नमुना एकाच जागी लावू नका. गठ्ठ्याला मध्ये फुगवटा येतो आणि वरच्या शीट मोडतात.

लेबल साधारण १२ × ८ सेमी, खालच्या उजव्या कोपऱ्यात. लेझर प्रिंट घ्या, इंकजेटची शाई ओलीने पसरते. त्यावर कुळ, शास्त्रीय नाव कर्त्याच्या (ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाच्या) नावासह, ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, अधिवास, वर्णन, तारीख, संग्राहकाचं नाव आणि नंबर, ओळखणाऱ्याचं नाव आणि तारीख. लेबल इंग्रजीत असावं, कारण शीट देशाबाहेरचे अभ्यासकही तपासतात. स्थानिक नाव मात्र गावात ऐकलं तसं, देवनागरीत द्या आणि ते कुठल्या तालुक्यातलं आहे तेही लिहा.

तपासा: लेबल वहीवरून उतरवा, फोटोवरून किंवा आठवणीवरून नाही. नंबर पुन्हा एकदा जुळवा.

## बिघाड पाहून कारण ओळखणं

पानं काळी: पहिली बदली उशिरा झाली, किंवा उष्णता मिळाली पण हवा फिरली नाही. पानं सुरकुतलेली: पट्टे सैल, गाद्या नाहीत. पानं गळलेली: मांसल नमुना न मारता दाबला, किंवा तापमान फार वर गेलं. फुलाच्या तळाशी बुरशी: वाळण्याआधी काढलं. चिकटवल्यावर महिन्यांनी बारीक भोकं आणि भुगा: गोठवलं नाही. देखणी शीट आणि ओळख लागत नाही: दुसऱ्या टप्प्यातलं मूळ, फळ किंवा नर फूल राहिलं.

## टप्पा १०: जमा करणं

शीट कॉलेजच्या कपाटात राहिली तर बुरशी आणि किडीला वेळच मिळतो. किमान एक प्रत नोंदणीकृत संग्रहालयात द्या: पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. आधी पत्र पाठवून नमुने स्वीकारतात का ते विचारा, वनखात्याच्या परवानगीची प्रत सोबत ठेवा. न चिकटवलेला, नीट वाळलेला नमुना आणि सुटं लेबल असं दिलेलं त्यांना बऱ्याचदा सोयीचं पडतं, कारण प्रत्येक संग्रहालयाचा कागद आणि चिकटवण्याची रीत वेगळी असते.

पाठवताना घड्या दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये आवळून बांधा, बाहेरून पॉलिथिन, मग खोकं. स्वीकारल्यावर मिळणारा प्रवेश क्रमांक आपल्या वहीत त्या नंबरासमोर लिहा. शोधनिबंधात या शीटचा उल्लेख करताना संग्राहकाच्या नंबरासोबत तो आणि संग्रहालयाचं संक्षिप्त नाव द्यावं लागतं. देशाबाहेर प्रत पाठवायची असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचे नियम लागू होतात; ते काम संग्रहालयामार्फतच करा.